मान खाली, बटण, मान वर

आमचे हे कुठे नोकरीला आहेत असं कुणी विचारलं की मी आधी पदर खोचते, कारण पुढचे प्रश्न मला पाठ आहेत. "स्पोर्ट्सची कंपनी म्हणजे बॅटी बनवतात का?" नाही. "मग मॅचची तिकिटं फुकट मिळत असतील?" नाही. आणि मग आवाज खाली आणून, "बरं, उद्या कोण जिंकणार?" एकदा मी आमच्या लाइनीतल्या दुर्गाबाईंना सरळ म्हटलं, "अहो, ते कळत असतं तर आम्ही विश्रांतवाडीत दोन खोल्यांत राहिलो असतो का?" तेव्हापासून त्या माझ्याशी जपून बोलतात. बोलू देत. मी महापालिकेच्या दवाखान्यात नर्स आहे, दिवसभर रडक्या पोरांना सुया टोचते. गोड बोलायचा मला पगार मिळत नाही.

तर एकदाच नीट सांगते, म्हणजे परत कुणी विचारायला नको.

समाधान रंगराव ओव्हाळ हे ह्यांचं नाव. माझे सासरे दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये फिटर होते. पोरानं शिकावं आणि सरकारी नोकरीत चिकटावं, एवढीच त्यांची इच्छा. पोरगं शिकलं, बी. कॉम. झालं, मराठी-इंग्रजी टायपिंगच्या परीक्षाही पास झालं. आणि चिकटलं कुठे, तर एका कंत्राटदाराच्या ऑफिसात, लाइट बिलांची रीडिंग कॉम्प्युटरवर चढवायला. आमचं लग्न झालं तेव्हा हे तेच करत होते. घरी आले की रेडिओ कानाशी. मी नवी नवरी, चहा घेऊन उभी, आणि हे हात वर करून मला थांबवतायत, का तर ओव्हर संपायची आहे. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

उत्कर्षा, आमची मुलगी, दोन-अडीच वर्षांची होती तेव्हा पेपरात एक जाहिरात आली. क्रिकेटची आवड आणि टायपिंग येणारे उमेदवार पाहिजेत. सगळे म्हणाले, फसवणूक आहे, डिपॉझिट मागतील आणि पळून जातील. हे तरीही गेले. कर्वेनगरच्या एका सोसायटीत तळमजल्याचा फ्लॅट, आत एक टीव्ही आणि चार कॉम्प्युटर, झालं, हीच कंपनी. तिथे त्यांनी जमलेल्या पोरांना जुन्या मॅचची एक ओव्हर दाखवली, टीव्ही बंद केला आणि विचारलं, काय काय झालं सांगा. बाकीच्यांनी सिक्सर रंगवून रंगवून सांगितला. ह्यांनी एकेक बॉल सांगितला, कुठे पडला, कुणी अडवला, आणि मधल्या एका बॉलला म्हणाले, "हा मी पाहिला नाही, मला शिंक आली होती." झालं, नोकरी मिळाली. शिंक आली म्हणून नोकरी मिळालेला हा पुण्यातला एकमेव माणूस असावा.

सासूबाईंना, इंदुबाईंना, हे काही केल्या पटेना. त्या मूळच्या इंदापूरकडच्या, अजून तसंच बोलतात. "टीव्ही बघाया पगार देत्यात व्हय? आन् आमी उगंच मळ्यात राबलो." नोकरी लागल्यावर पहिल्या दिवशी ह्यांनी बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली, आणि सासूबाई मागून मला हळूच म्हणाल्या, "त्यांनी शिका म्हनून सांगितलं हुतं, टीव्ही बघा म्हनून न्हाई."

त्या काळात लोकांकडे नवे नवे मोबाइल आले होते. मॅचच्या दिवशी ऑफिसातला साहेब मीटिंगमध्ये टेबलाखाली मेसेज वाचायचा, अमुक रन, तमुक बाद. तो मेसेज कुठून यायचा? तर ह्यांच्या बोटातून. परदेशातल्या वेबसाइटी, इथले पेपर, मोबाइल कंपन्या, सगळ्यांना लागणारा बॉल न् बॉलचा हिशेब ही कंपनी पुरवायची. तो लिहिणारी माणसं मात्र मैदानात नसायची. ती कर्वेनगरात, टीव्हीसमोर. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, "म्हणजे तुम्ही मॅच बघून, ज्यांनी मॅच बघितली नाही त्यांना सांगता?" हे म्हणाले, "हो." मी म्हटलं, "मग हे तर दुर्गाबाई पण करतात, बिनपगारी."

पुढे कंपनी मोठी झाली आणि खराडीला गेली, काचेच्या बिल्डिंगमध्ये. ह्यांच्या गळ्यात कार्ड आलं, कंपनीची गाडी दारात यायला लागली. एका वर्षी त्यांनी घरच्यांना ऑफिस बघायला बोलावलं, तेव्हा मी गेले होते. मला वाटलं, आत नुसता दंगा असणार. मॅच चालू, पन्नासेक पोरं, म्हणजे आमच्या गल्लीत काय होतं ते मला माहीत आहे. आत गेले तर दवाखान्यातसुद्धा नसते इतकी शांतता. टीव्ही सगळे चालू, आवाज प्रत्येकाच्या कानाच्या हेडफोनात. आपल्या बॅट्समनचा त्रिफळा उडाला. मी जोरात "अगं आई गं!" म्हणाले, आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्या खोलीत एकही माणूस हळहळला नव्हता. फक्त बटणांचा टकटक आवाज झाला.

ह्यांच्या शेजारी अनिरुद्ध बसायचा. कर्वेनगरचाच, कंपनी फ्लॅटमध्ये होती तेव्हापासूनचा. त्यानं मला समजावलं, "वहिनी, इथे ओरडायचं नसतं. ओरडणाऱ्याचं बटण चुकतं." मग त्यानं पद्धत दाखवली. बॉल पडला, बॅटला लागला, इतकं बघायचं. लगेच मान खाली, काय झालं त्याचं बटण दाबायचं, कारण जगाला ते आधी कळायला हवं. मग मान वर. तोवर टीव्हीवर रिप्ले लागलेला असतो. कुणी टाकला, कुठे पडला, फटका कोणता, कुणी अडवला, हे सगळं रिप्लेत बघायचं आणि मग सविस्तर लिहायचं. पहिल्या नजरेवर विश्वास ठेवायचा नाही. "मान खाली, बटण, मान वर. नवीन पोरांना आम्ही हेच पाठ करायला लावतो," अनिरुद्ध म्हणाला. "आणि ह्यात तुमच्या मिस्टरांचा हात धरणारा इथे कुणी नाही."

मला अभिमान वाटला, नाही कशाला म्हणू. मोठ्या मॅचला पहिली खुर्ची ह्यांची असायची. वेस्ट इंडीजचा कोण डावखुरा पॅड बांधताना कोणता पट्टा आधी बांधतो, इथपर्यंत ह्यांना ठाऊक. आणि आपल्या पोरीच्या वर्गशिक्षिकेचं नाव विचारा, शुंभासारखे माझ्याकडे बघतात.

कारण सगळ्या मॅच शनिवार-रविवारी. सणासुदीला तर हमखास. चौदा एप्रिलची सुट्टी तेवढी हे भांडून घ्यायचे, ती कधी सोडली नाही. बाकी लग्नं, बारशी, गॅदरिंग, सगळीकडे मी एकटी. माझ्या भावाच्या लग्नात लोकांनी मला विचारलं, "जावई कुठायत?" मी म्हटलं, "सिडनीत." अर्ध्या मांडवातल्या बायका इंप्रेस झाल्या. हे खराडीत होते.

आता मुद्द्याचं. उत्कर्षा पाचवीपासून खो-खो खेळायला लागली. पोपट सर म्हणून शाळेतले क्रीडाशिक्षक, त्यांचा क्लब आहे, सकाळी सराव. पोरगी काटक, पायाला भिंगरी. खो-खोत पाठलाग करणाऱ्या पोरी ओळीनं बसतात, त्या ओळीच्या दोन्ही टोकांना खांब असतो. पळणारी पोरगी खांबाला वळसा घालून निसटायला बघते. त्या क्षणी पाठलाग करणारीनं एका हातानं खांब धरायचा, सगळं अंग हवेत झोकून द्यायचं आणि दुसऱ्या हातानं तिला टिपायचं. ह्याला सूर मारणं म्हणतात. बघताना काळजात धस्स होतं, कारण पोरगी सरळ छातीवर आपटते. उत्कर्षा त्यातच पटाईत झाली. तिचे कपडे धुताना मला कळायचं, आज किती सूर मारलेत ते.

आणि ह्यांनी तो एकदाही पाहिला नव्हता. खरंच सांगते, एकदाही नाही. तिच्या मॅच शनिवार-रविवारी, ह्यांच्याही शनिवार-रविवारी. घरी आल्यावर हे प्रेमानं विचारायचे, "काय झालं आज? नीट सांग, पहिल्यापासून." ती सांगायची. हातवारे करून, पलंगाचा खूर धरून दाखवायची. हे प्रश्न विचारायचे, ती कोणत्या बाजूनं आली, तुझा पाय कुठे होता. मोठी झाली तशी ती सांगेनाशी झाली. "जिंकलो," म्हणायची आणि आंघोळीला जायची. मी ते बघत होते. ह्यांना ते दिसलं नाही.

आठवीत असताना, दोन हजार दहाच्या थंडीत, तिचा क्लब जिल्ह्याच्या फायनलला पोचला. रविवार सकाळ. आदल्या आठवड्यात ती जेवताना ताटाकडे बघत म्हणाली, "पप्पा, ह्या वेळी तुम्ही यायचं." हे म्हणाले, "बघतो." तिनं ताट पुढे सरकवलं. "बघतो नाही. तुम्हाला जगातल्या सगळ्यांचं माहीत असतं. माझं काय माहीत आहे तुम्हाला? मी सूर कोणत्या हातानं मारते, सांगा."

हे भात कालवत राहिले. सासूबाईंनी वाटीतली आमटी भुरकली आणि म्हणाल्या, "आता गं बया. बोल की, समाधान्या."

ह्यांनी दुसऱ्या दिवशी अनिरुद्धला गाठलं, त्याच्याशी शिफ्ट बदलली, पायल मॅडमच्या हातापाया पडले. पायल मॅडम म्हणजे ह्यांची वरिष्ठ, वयानं ह्यांच्यापेक्षा लहान, पण कामाला वाघीण. सुट्टी मिळाली. उत्कर्षानं ते ऐकलं आणि कधी नव्हे ते स्वतःचे बूट स्वतः धुतले.

रविवारी आम्ही तिघं स्कूटरवरून मैदानावर गेलो. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पायऱ्यांवर सगळ्यात पुढे जागा धरली. आजूबाजूला दोन्ही क्लबांच्या पोरींचे आईबाप, ओरडून ओरडून घसे बसलेले. हे मात्र खुर्चीतल्यासारखे ताठ. मी म्हटलं, "ओरडा की. इथे कुणाचं बटण चुकणार नाहीये." हे हसले. पण ओरडले नाहीत. सवयच नाही.

मॅच शेवटपर्यंत गेली. शेवटच्या पाळीत आपल्या पोरी पाठलागाला, बरोबरी झालेली, आणखी एक गडी बाद झाला की करंडक आपला. वेळ संपत आलेली. समोरच्या क्लबची एक उंच पोरगी राहिली होती, ती काही हाती लागेना. आपल्या पोरींनी खोवर खो दिले, ती कडेनं खांबाकडे सटकली, आणि उत्कर्षाला खो मिळाला. मी उभी राहिले. सगळं मैदान उभं राहिलं. पोरगी उठली, पळाली, खांबाला हात घातला.

आणि मी का कोण जाणे, ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांची मान खाली होती. उजव्या हाताची बोटं मांडीवर टकटक दाबली जात होती, एक, दोन. मग मान वर आली. आणि हे समोरच्या शाळेच्या भिंतीकडे बघत राहिले, जिथे काहीही नव्हतं. रिप्लेची वाट बघत होते हो! माझा नवरा, स्वतःच्या पोरीच्या मॅचमध्ये, रिप्लेची वाट बघत होता.

शिट्टी झाली. पंचांनी बाद दिलं. आपल्या पोरी नाचायला लागल्या. उत्कर्षा मातीतून उठली आणि सगळ्यात आधी तिनं पायऱ्यांकडे पाहिलं.

तेवढ्यात समोरच्या क्लबचे लोक आत घुसले. हात लागलाच नाही, पोरगी आधीच निसटली होती, हा अन्याय आहे, वगैरे वगैरे. पंच म्हणाले, निर्णय दिला, विषय संपला. पण पुण्यात विषय असा संपतो होय? पोपट सरही तापले. त्यांच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक, त्यांनी पायऱ्यांकडे हात केला आणि मोठ्यानं म्हणाले, "हे ओव्हाळ साहेब बसलेत बघा, समोरच. दहा वर्षं मॅच बघायचंच काम करतात, इंटरनॅशनल. ह्यांची नजर चुकत नाही. साहेब, सांगा ह्यांना, हात लागला की नाही?"

सगळं मैदान ह्यांच्याकडे बघायला लागलं. उत्कर्षा सरांच्या शेजारीच उभी, छाती धपापतेय, हनुवटीवर खरचटलेलं. मी ह्यांच्या बाहीला धरून ओढलं. मनात म्हटलं, अहो, हो म्हणा. एवढं एक म्हणा. पंचांनी बाद दिलंय, ह्या पायऱ्यांवरच्या शेंबड्या पोरांनीसुद्धा पाहिलंय. तुमच्या 'हो'नं कुणाचं काही जाणार नाही.

हे उठले आणि म्हणाले, "मी पाहिलं नाही."

एक क्षण कुणालाच कळलं नाही. मग समोरचा एक माणूस खदखदून हसला. "घ्या! बापच म्हणतोय पाहिलं नाही!" पंचांनी सगळ्यांना हाकललं, करंडक आपल्यालाच मिळाला, फोटोही निघाला. त्या फोटोत उत्कर्षा कडेला उभी आहे आणि तिचं तोंड दुसरीकडे आहे.

स्कूटरवर ती माझ्या मागे बसली, ह्यांच्या आणि माझ्या मध्ये नेहमी बसते तशी नाही. घरात शिरेपर्यंत माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मी म्हटलं, "काय बिघडलं असतं हो म्हणायला?"

"मी पाहिलं नाही, शर्मिला. पाहिलं नाही ते पाहिलं कसं म्हणू?"

"का नाही पाहिलं? डोळे कुठे ठेवले होते? खराडीला?"

ह्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. "मान आपोआप खाली गेली गं," म्हणाले. "मला वाटलं, परत दाखवतील."

उत्कर्षा दारात उभी होती. तिनं हे ऐकलं. मला वाटलं, आता रडेल, आदळआपट करेल. तिनं फक्त विचारलं, "म्हणजे तुम्ही तिथे होता, आणि तरीही नव्हता?" आणि ती आजीजवळ जाऊन बसली. सासूबाईंनी तिच्या हनुवटीला हळद लावली. हे बाहेर जाऊन पायरीवर बसले. जेवायला बोलावलं तर आले नाहीत. मला राग आला होता तो आलाच होता, पण पायरीवरची ती पाठ बघून मी त्यांचं ताट झाकून ठेवलं, तेही खरंच.

त्यानंतर आठवड्यानं हे घरी आले आणि म्हणाले, "मी लाइव्ह सोडलं." कंपनीत एक जुन्या मॅचचं टेबल होतं. पूर्वीच्या मॅचच्या कॅसेटी बघून त्यांचा हिशेब कॉम्प्युटरवर चढवायचा. काम सोमवार ते शुक्रवार, घाई नाही, नाव नाही. नवीन पोरं तिकडे जायला नाखूश असायची, म्हणायची तो वृद्धाश्रम आहे. हे स्वतः मागून तिथे गेले. पायल मॅडम म्हणाल्या म्हणे, "वर्ल्डकप तोंडावर आलाय, समाधान. पहिली खुर्ची तुमची आहे. असं कुणी करतं का?" ह्यांनी सांगितलं, "मुलीच्या मॅच असतात." मॅडमना वाटलं, आपल्याशी थट्टा चाललीय. वर्ल्डकपला ती खुर्ची अनिरुद्धला मिळाली. इतकी वर्षं झिजून मिळवलेली जागा. मी ह्यांना एका शब्दानं विचारलं नाही, पश्चात्ताप होतो का म्हणून. विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

उत्कर्षाला सांगितलं तर ती "बरं" म्हणाली. एवढंच. पोरीनं बापाचं नाक घेतलं आहे आणि माझी जीभ, पण ती वापरते कमी.

वर्ल्डकपची पहिली मॅच ज्या शनिवारी होती, त्याच शनिवारी सकाळी तिच्या क्लबची एक साधी मैत्रीची मॅच होती. करंडक नाही, काही नाही. अख्खं शहर दुपारच्या मॅचची तयारी करत होतं, गल्लीत मोठा पडदा लागत होता. मैदानावर प्रेक्षक म्हणजे आम्ही दोघं आणि एक आइस्क्रीमवाला. हे पुढच्या पायरीवर बसले. आणि बसताना दोन्ही हात, तळवे खाली, मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसले. मला आधी कळेना. मी म्हटलं, "थंडी वाजतेय का?" हे म्हणाले, "नाही. हात मोकळे राहिले की मान खाली जाते."

असे बसून राहिले, पूर्ण मॅचभर. पायरी दगडी, खडबडीत. मधे मी शेंगदाण्यांची पुडी पुढे केली तर मान हलवली. हात काढायला तयार नाहीत. डोळे उत्कर्षावर. ती बसलेली असली तरी तिच्यावरच. मला हसू यायला लागलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं, मी दुसरीकडे बघून पदरानं पुसलं.

शेवटी तिला खो मिळाला. पळणारी खांबाकडे निघाली होती. उत्कर्षानं खांब धरला, सूर मारला आणि साफ चुकली. हात हवेत, पोरगी छातीवर आपटली, समोरची मुलगी हसत निघून गेली. वेळ संपली. आपण हरलो.

ती लंगडत पायऱ्यांपाशी आली. तोंडभर माती. ह्यांच्यासमोर उभी राहिली, काही विचारणार नव्हती, पण विचारलंच. "बघितलं?"

"बघितलं."

"काय बघितलं?"

हे म्हणाले, "घाई केलीस. ती अजून वळली नव्हती, तू आधीच झेप घेतलीस. अजून एक पाऊल थांबली असतीस तर मिळाली असती. आणि डावा हात मारतेस तू. खांब उजव्यानं धरतेस, पण धरायच्या आधी हात एकदा टी-शर्टला पुसतेस. तिथेच वेळ जातो."

ह्यांनी हात मांड्यांखालून काढले तर तळव्यांवर पायरीच्या दगडाचे खडे रुतलेले, लाल झालेले. तिनं ते पाहिले. मग तिच्या त्या मातकट तोंडावर असं काही हसू आलं, की करंडक मिळाला त्या दिवशीसुद्धा मी पाहिलं नव्हतं. "मम्मी, ऐकलंस? मी हात पुसते म्हणे! मलाच माहीत नव्हतं!" असं ओरडत ती पळत टीमकडे गेली, लंगडणं विसरून. तिकडे सगळ्या पोरी माना खाली घालून बसल्या होत्या, आणि ही एकटी दात काढून हसत होती. पोपट सर तिच्यावर खेकसले, हरल्यावर हसायला काय झालं म्हणून, तरी तिचं हसू काही थांबेना.